सासूबाईंचं इंग्लंड आणि पावाच्या कडा

माझ्या सासूबाई पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये पाच वर्षं नर्स होत्या. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि सासूबाई भेटल्या किंवा फोनवर बोलल्या आणि 'आमच्या इंग्लंडमध्ये' हे शब्द कानावर पडले नाहीत, असं एकदाही झालेलं नाही. आमच्या इंग्लंडमध्ये कोणी न कळवता कोणाकडे जात नाही. आमच्या इंग्लंडमध्ये दूधवाला दारात बाटल्या ठेवून जातो, कोणी हात लावत नाही. आमच्या इंग्लंडमध्ये चहा किटलीत मुरवतात, तुझ्यासारखा पातेल्यात रटरटा उकळत नाहीत. मी आपली 'हो आई' म्हणायची आणि पातेल्यात आणखी थोडं आलं किसून टाकायची.

डिसेंबरात त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे फुनाबोरीला आल्या. मला वाटलं, जपान बघून तरी इंग्लंड जरा मागे पडेल. कसलं काय. स्टेशनवर माणसं रांगेत उभी बघून म्हणाल्या, "हे इंग्रजांकडूनच शिकले असणार." मी जळणारा कचरा एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे, बाटल्यांची झाकणं तिसरीकडे करत ओट्याशी वाकले होते, तर म्हणाल्या, "आमच्या इंग्लंडमध्ये एकच डबा होता, पण स्वच्छता काय विचारू नकोस." माझं डोकंच फिरलं.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात एक इंग्रज आला. तिशीतला, उत्तरेकडच्या कुठल्याशा गावचा. जेवणाच्या सुट्टीत तो गावाचं रडगाणं गायचा. बँक बंद झाली, पोस्ट बंद झालं, पब पाडून तिथे फ्लॅट झाले, शेजारी कोण राहतं ते कोणाला ठाऊक नाही. मी कान टवकारले. हा बाबा एकदा घरी चहाला आणला, की अर्ध्या तासात सासूबाईंच्या इंग्लंडचा निकाल लागणार आणि माझी अठरा वर्षांची कटकट संपणार. मनात पाप होतं, आता कबूल करायला हरकत नाही. मी त्याला शनिवारी चारचं बोलावणं दिलं.

"एक इंग्रज माणूस चहाला येतोय? आपल्या घरी?" सासूबाईंनी हे मला दोनदा विचारलं. मग ओटा ताब्यात घेतला. काकडीची सँडविचेस, तीही कडा काढून, असं ठरलं. माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणून पाव आणायला स्वतः गेल्या आणि जपानी चार कापांचा पाव घेऊन आल्या. या पावाचा एकेक काप म्हणजे लहान उशी. दोन उशांच्या मध्ये काकडीची चकती दिसेना. पण त्या हट्टाने कडा कापत राहिल्या आणि ओट्यावर कडांचा ढीग झाला.

"या आमच्या इंग्लंडमध्ये पाखरांना घालतात," त्या म्हणाल्या.

इथे पाखरांना खायला घातलं तर इमारतीची समिती चिठ्ठी लावते. जळणारा कचरा न्यायला गाडी येणार ती थेट मंगळवारी. आणि अन्न टाकून द्यायला माझा हात धजेना. मी कढईत तेल घेतलं, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, कांदा घातला आणि कडा कुस्करून झकास फोडणीचा पाव केला. मोहरी तडतडली तशा सासूबाई बाहेरच्या खोलीतून धावत आल्या.

"अगं, आज कशाला हे? वास येईल ना त्याला. उघड त्या खिडक्या."

जानेवारीचा महिना. त्यांनी घरातली एकूण एक खिडकी उघडली आणि हातातल्या टॉवेलने वास बाहेर हाकलू लागल्या. मला वाटलं, किती ती नाटकं. नवरा बिचारा स्वेटरावर स्वेटर चढवून दुकानातून काहीतरी आणायच्या निमित्ताने सटकला.

सासूबाई टायवाल्या साहेबाची वाट बघत होत्या. साहेब सायकलवरून आला, तोही अर्ध्या चड्डीत. सासूबाईंनी हात पुढे केला तेव्हा तो जपानी पद्धतीने वाकला. त्यांनी गडबडून नमस्कार केला तेव्हा त्याचा हात पुढे आला. एकदाचे सगळे बसले. मी इंग्रजीत पहिला प्रश्न टाकला, "तुमच्याकडे अजून दूध दारात येतं ना?"

तो हसला. ते आजीच्या काळात, म्हणाला. आता दारात खोकी येतात, आणि तीही चोरीला जातात.

"रविवारी दुकानं बंद?" उघडी. "बसला रांग?" लोक फोनमध्ये डोकं घालून उभे असतात, बस आली की घुसतात. "चहा किटलीत?" मगमध्ये पिशवी बुडवतो, आणि खरं सांगायचं तर हल्ली कॉफीच.

सासूबाई प्रत्येक उत्तराला "आय सी" म्हणत होत्या आणि बशी एकेक बोट पुढे सरकवत होत्या. पहिल्या दोन उत्तरांना मला गुदगुल्या झाल्या. चौथ्याला माझंच तोंड कडू झालं. शेजाऱ्यांचा प्रश्न तयार होता, तो मी गिळला आणि म्हटलं, "पण माणसं सभ्य असतील ना अजून?" म्हणजे मीच आता त्यांच्या इंग्लंडची वकिली करत होते.

त्याचं लक्षच नव्हतं. एक उशी कशीबशी चावून तो नाकाने हुंगत होता. "हा वास कसला?"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "सॉरी, सॉरी," म्हणत उठल्या आणि आधीच उघडी असलेली खिडकी आणखी उघडायला लागल्या.

"नको, नको. माझ्या बहिणीच्या सासरी असाच वास येतो," तो म्हणाला. "तिचं सासर गुजराती, गावी आमच्याच गल्लीत. शनिवारी आम्ही सगळे तिथेच पडीक असायचो. मोहरी ना ही? मिळेल थोडं?"

"त्या उरलेल्या कडा आहेत," सासूबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. तरी त्याने वाडगाभर खाल्लं, आणखी मागितलं, आणि जाताना आम्ही नको नको म्हणत असताना वाडगा स्वतः विसळला.

तो गेल्यावर मी कपबशा धूत होते. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पहिल्या वर्षी मी एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून अशाच कडा आणायचे आणि शेगडीवर फोडणी द्यायचे. एका रविवारी ड्यूटीवरून आले, तर माझी बॅग दाराबाहेर, बर्फात. वासाने पडदे खराब होतात म्हणाल्या त्या."

मी नळ बंद केला. "मग आई, ती किटली, ती सँडविचेस..."

"पेशंट सांगायचे वॉर्डात. मी कुठे बघितलंय? पाच वर्षांत एकानेही मला चहाला बोलावलं नाही गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा बेत त्यांना सांगून टाकावा म्हणून मी तोंड उघडलं, पण त्या पातेलं शोधत होत्या. ते सापडलं, त्यात त्यांनी चहाचं पाणी घेतलं आणि आलं आणि किसणी माझ्या हातात दिली.

"पुढच्या शनिवारी बोलाव त्याला परत," त्या म्हणाल्या. "फोडणी मी देईन. आणि खिडक्या लाव गं आता, किती गारठलोय आपण."