एक हिवाळा चुकवण्याचा खर्च

माझी मावशी कवळ्या करायची. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे छोटीशी खोली होती. तिथे प्लॅस्टरचे साचे, गुलाबी मेण आणि घासायचं यंत्र यांच्यात तिची सगळी नोकरी गेली. गल्लीत तिला कवळीमावशीच म्हणायचे. तिचे स्वतःचे दात मात्र अजून शाबूत आहेत, आणि ते दाखवायची तिला हौसही आहे.

तिनं लग्न केलं नाही. एकाच इमारतीत आई खाली आणि ती वरच्या मजल्यावर राहायची. माझं लग्न होऊन मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, मग बाबाही वारले, तेव्हापासून दोघी बहिणी सकाळचा चहा एकत्र घ्यायच्या आणि चहा संपेपर्यंत एकदा तरी भांडायच्या.

प्लॅस्टरच्या भुकटीनं मावशीची छाती धरली होती. उन्हाळ्यात निभायचं, पण थंडी पडली की जिन्यात ती दिसायच्या आधी तिचा खोकला ऐकू यायचा. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं आणि तिनं ते सोडलं. निवृत्तीचे पैसे हातात आले त्याच आठवड्यात चहा पिताना म्हणाली, "ताई, मला एक हिवाळा चुकवायचाय."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे नसायचं. एखाद्या गरम बेटावर सहा महिने राहून यायचं."

आईनं कप खाली ठेवला. "बेटावर? तुला पोहायला तरी येतं का?"

"राहायला जातेय. पोहत जात नाहीये."

आईनं हे खूळ आहे असं जाहीर केलं आणि आठवडाभर तोंड फुगवून बसली. मावशीनं मला रविवारी बोलावून हिशेबाला बसवलं. तिची रीत पक्की होती. परतीच्या तिकिटाचे पैसे आधी बाजूला काढून माझ्याकडे ठेवायला दिले, कारण जवळ असले तर हात लागेल. मग औषधांचे. उरलेल्याचे सहा भाग केले, आणि भाडं एका भागाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. शेवटी तिनं एक रक्कम वेगळी काढायला लावली.

"ही कशासाठी?" मी विचारलं.

"मूर्खपणासाठी. माणूस सहा महिने शहाण्यासारखं वागेल असं धरून चाललीस, तर हिशेब पहिल्याच महिन्यात कोसळेल."

थंडी सुरू व्हायच्या बेताला ती गेली. पहिला आठवडा हॉटेलात काढला आणि रोज पायी हिंडून खोली शोधली. बोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या दुकानावर एक खोली मिळाली. वर पत्र्याचं छप्पर, खालून डिझेलचा वास, खिडकीतून धक्का दिसायचा. दुकान एक बाई चालवायची, तीच घरमालकीण. भाडं हिशेबात बसलं. जेवण बसलं नाही.

झालं असं की तिनं खाण्याचा खर्च इथल्या भावानं धरला होता, वर थोडे जास्त धरून. तिथे दूध पावडर, लोणी, चहा, बटाटे, सगळंच जहाजानं यायचं आणि किमतीही तशाच असायच्या. मूर्खपणाचे पैसे दुसऱ्या महिन्यात संपले. "कसला मूर्खपणा न् काय," ती फोनवर म्हणाली, "निम्मे लोण्यावर गेले आणि निम्मे चहावर."

घरमालकीण तिच्या पिशवीतल्या वस्तू रोज बघत होती. एकमेकींची भाषा येत नव्हती. एका सकाळी त्या बाईनं तिचा हात धरला आणि सरळ धक्क्यावर नेलं. तिथे बोटीतून उतरलेले मासे होते, टोपल्यांत पालेभाजी, पपया, नारळ, सगळं तिथलंच आणि स्वस्त. त्या दिवसापासून मावशी किराणा दुकानाकडे फिरकली नाही. तरी वीज महाग होतीच. पुन्हा हिशेब केला तेव्हा पैसे चौथ्या महिन्यात संपणार हे दिसलं. म्हणजे ऐन थंडीत परत.

पण एक गोष्ट माझ्या आधी आईच्या लक्षात आली. एकदा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "इतकं बोलली, पण एकदासुद्धा खोकली नाही गं."

दुसऱ्या दिवशी आईनं तिला पैसे देऊ केले.

"तुझ्या पेन्शनीतून मी नारळपाणी प्यायचं?" मावशी म्हणाली. "ते जमायचं नाही, ताई."

"मग ये परत आणि खोक."

दोघींनी फोन ठेवला. पुढचे काही दिवस बोलणं बंद. मग आईनं मला विचारलं, "तिच्या खोलीत दुसरी खाट मावेल का?"

"मावेल बहुतेक. का?"

"माझे पैसे तिला चालत नाहीत ना? मग मीच जाते. निम्मं भाडं माझं, निम्मी वीज माझी. बहिणीला नाही म्हणेल, भागीदाराला कशी म्हणेल?"

मी आकडे मांडून पाहिले. आईचं घर बंद राहिलं की हीटरचं बिल वाचत होतं, आणि इथे ते थंडीत भाड्याइतकं यायचं. तिकीट सोडलं तर तिला ते जवळपास फुकटच पडणार होतं. मी तिकीट काढलं.

आई पोचली तेव्हा मावशी धक्क्यावर उभी होती. आई बोटीत उलट्या करून पांढरीफटक पडली होती. मावशी काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "आधी उतरू दे मला, मग भांड."

आईच्या लग्नानंतर दोघी पहिल्यांदाच एका खोलीत झोपत होत्या. भांडण पंख्यावरून. तो फिरता होता आणि प्रत्येकीला तो दुसरीकडेच जास्त थांबतो असं वाटायचं. घरमालकिणीनं दुसरा पंखा वर आणून ठेवला, तर मावशीनं तो परत नेऊन दिला. दोन पंख्यांची वीज हिशेबात नव्हती.

एका संध्याकाळी धक्क्यावर भाजी निवडत असताना आई सहज बोलून गेली. हे मावशीनं मला नंतर सांगितलं. "सकाळी वरून तुझा खोकला आला की मला कळायचं, उठलीस. मग मी चहा टाकायचे. तू इथे आलीस आणि वर सगळं गप्प झालं. मी अंथरुणातच पडून राहायचे, उठायचं कशासाठी तेच कळायचं नाही."

"मग हे आधी नाही सांगायचं?" मावशी म्हणाली.

"तुला बरं वाटत होतं ना. कशाला सांगायचं?"

मावशी पुन्हा भाजी निवडायला लागली. "आणखी बोलले असते तर रडूच आलं असतं," ती मला म्हणाली, "आणि ताईसमोर रडले की ती जन्मभर ऐकवते."

सहा महिने पुरे करून दोघी परतल्या. मावशीची छाती काही पहिल्यासारखी झाली नाही. जे खराब झालं ते झालं, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पण दरवर्षी थंडी टाळली तर पुढचं नुकसान रोखता येईल असंही म्हणाले. त्यावर आईनंच निर्णय घेतला. मावशीनं खालच्या मजल्यावर राहायला यायचं, वरचं घर भाड्यानं द्यायचं. आता तिथे रुग्णालयातल्या दोन नर्सेस राहतात. त्यांच्या भाड्यातून हिवाळ्याचा खर्च निघतो. दोन वर्षं तसा निघालाय.

यंदा मी त्यांना बंदरावर सोडायला गेले होते. रांगेत मावशी पुढे होती, आई मागे. पिशवी कुठल्या खांद्यावर घ्यावी हे आई तिला सांगत होती, आणि मावशी ऐकलं नाही असं दाखवत पुढे सरकत होती.