लौटनी चौधरी आणि सुतकातली पोर

काठमांडूशेजारच्या पाटणात, आमच्या गल्लीत लौटनी चौधरी भाजीची गाडी लावते आणि तिच्या शेजारी माझी चहाची टपरी. बाई तोंडाची फटकळ, पण मनाची साफ. लहानपणी तिला पश्चिमेकडच्या दाङ जिल्ह्यातल्या गावातून इथं एका घरी कमलरी म्हणून धाडलं होतं. कमलरी म्हणजे पोटावारी राबणारी पोर. पगार नाही, शाळा नाही, सुट्टी नाही. ते दिवस आठवले की ती रडत नाही, चिडते.

परवाच्या दसैंत, म्हणजे दसऱ्यात, टीक्याच्या दिवशी, सगळी गल्ली वडीलधाऱ्यांनी लावलेला तांदळाचा लाल टीका कपाळभर मिरवत होती. समोरच्या रिमाल मॅडमकडे राबणारी, दाङचीच पोर फूलमती कोथिंबीर न्यायला आली, तर कपाळ कोरडं.

“काय गं, तुला कुणी टीका नाही लावला?” लौटनीनं विचारलं.

“वर्षभराचं सुतक आहे, दीदी. बाबा गेले. पावसाळ्यात मॅडमला फोन आला होता.”

मी हळहळले. लौटनीनं मात्र डोळे बारीक केले. “मग ते तेरा दिवस तू बाजूला बसलीस?”

“बसते कुठली! स्वयंपाक कोण करणार?”

“आणि देवाची भांडी?”

“मीच घासली.”

“अगं बाई!” लौटनीनं जुडी आपटली. “पारोशानं चुलीला हात लावू न देणारी ती बाई सुतकातल्या हातचं खाईल? कुणी गेलं नाही, पोरी! घरी जायचं नाव काढू नयेस म्हणून तुझ्या बापाला खोटंच मारलंय तिनं!”

फूलमतीनं कोथिंबीर उचलली. “उशीर झाला तर मारतील,” म्हणत पळाली.

“मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागतेस?” मी म्हटलं.

“माझ्या वेळी शेजारणी हेच म्हणाल्या होत्या,” ती म्हणाली.

तिनं लगेच दाङला फोन लावला. सुटून आलेल्या कमलरींची तिथं संघटना आहे. त्यांची एक बाई थेट फूलमतीच्या गावात गेली. बाप शेतात होता, चांगला धडधाकट. बिचारा म्हणाला, “मी बोलावतो, तर मॅडम सांगतात, पोरच यायला तयार नाही.”

मग लौटनीनं मुलांच्या हेल्पलाइनला कळवलं. त्यांनी फूलमतीला ऑफिसात आणलं, बापाशी बोलणं करून दिलं. फोन कानाला लावून ती नुसती “बाबा, बाबा” करत राहिली. मी आणि लौटनी तिथंच होतो.

रिमाल मॅडमही आल्या. “मुलीसारखी वाढवली हो आम्ही!”

“तुमची मुलगी शाळेत जाते आणि ही तिचे बूट पुसते,” लौटनी कडाडली. “मुलगी म्हणे!”

ऑफिसातल्या बाईंनी दोघींना गप्प केलं. “फूलमती, तुला कुठं जायचंय?”

पोरीनं मॅडमकडे पाहिलं, मग लौटनीकडे. आजवर तिला असं कुणी विचारलंच नव्हतं.

“माझ्याकडे काय बघतेस?” लौटनी म्हणाली. “तुला विचारलंय.”

“घरी,” फूलमती पुटपुटली. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मला माझ्या घरी जायचंय.”