तीस हजार एकतीस

लातूर नवा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला नांदेडच्या कॉलेजातून चाकूरला परत आणलं. आई एकटी पाण्याला पुरत नव्हती. "पाऊस झाला की जा," ते म्हणाले. पण आमच्याकडे एकदा घरी आणलेली मुलगी परत कॉलेजात गेलेली मी तरी पाहिली नव्हती.

निघताना कॉलेजातल्या सरांनी एक गणित दिलं होतं. मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणाऱ्या, दोनपासून ओळीने घ्यायच्या, गुणाकार करायचा आणि एक मिळवायचा. तीन, सात, एकतीस, दोनशे अकरा, दोन हजार तीनशे अकरा. आलेल्या संख्याही मूळच. पुढची तीस हजार एकतीस. ती मूळ आहे का? तेरापर्यंत भागलं तर एक उरणारच. सतरापासून एकशे त्र्याहत्तरपर्यंत मात्र एकेक मूळ संख्या तपासायला हवी होती.

विहिरीच्या रांगेत घागर पुढे सरकवत मी तोंडी भागाकार करायची आणि अप्पांच्या दुकानात येऊन रद्दीवर उतरवायची. त्रेचाळीसला माझा धीर सुटला. आधीच्या पाच मूळ निघाल्या, हीच कशाला वेगळी निघते! केली शितावरून भाताची परीक्षा. सरांना पत्र टाकलं: सगळ्यांनी भागून पाहिलं, संख्या मूळ आहे. खाली लिहिलं, अप्पांना दोन शब्द लिहा, मला परत पाठवा म्हणून.

अप्पा भुसार मालाचे व्यापारी. अर्धवट सोडलेली आकडेमोड दिसली की त्यांना घास गोड लागत नसे. चार दिवसांनी भर दुपारी ते माझी रद्दी घेऊन घरी आले.

"हे त्रेचाळीसवरच का सोडलीस? खाली तर लई आकडे लिहून ठेवलीस. मी पुढं भागून पाहिलं. एकोणसाठला काहीच उरंना. पाचशे नऊचा भाग बसतो. नवाचा ताळा बी जुळतो."

मी पेन्सिल हिसकावली, दोनदा केलं. उरलं शून्य. मला स्वतःचाच संताप आला, आणि त्या भरात पत्राचं सगळं सांगून टाकलं, शेवटच्या विनंतीसकट.

अप्पांनी रद्दी खाली ठेवली.

"न केलेलं केलं म्हणून लिहिलीस?"

"हो."

"माझ्याकडून खोटं माप गेलं तर मी गिऱ्हाइकाच्या दारात जातो, चिठ्ठी धाडत न्हाई. उद्याची यष्टी धर. सरांच्या तोंडावर सांग, आन् तिथंच ऱ्हा."

"आन् पाणी?" आईने विचारलं.

"मी हाय की."

नांदेडला जाऊन मी सरांसमोर सगळं कबूल केलं. लाज वाटली, पण परत आल्याचा आनंद तिच्याहून मोठा होता, आणि त्याचीही लाज वाटली. ती संख्या खरंच मूळ असती, तर माझं खोटं खपून गेलं असतं आणि मी चाकूरलाच राहिले असते. हे मनात आलं की आजही मला एका जागी बसवत नाही.