आपांचं तळं

आपांना खोट्या कामाची किळस यायची, आणि ती अगदी शरीरात उतरायची. कुणी दुसऱ्याच गावच्या पावसाचे आकडे आपल्या अहवालात चिकटवलेले दिसले, की त्या ओढणी नाकाला लावायच्या. “वास मारतोय याला,” म्हणायच्या आणि कागद दूर सारायच्या.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मुरुमच्या घरी, माडीवरच्या खोलीत, त्यांनी कॉम्प्युटर मांडला. पूर आला तर पाणी कुठवर चढेल, याचं मॉडेल त्या करायच्या. मी सास्तूरचा, त्यांचा जुना विद्यार्थी; त्यांच्याबरोबर काम करू लागलो. तेव्हा कोकणातल्या एका तळ्याचं काम आलं होतं. अरुंद तोंडानं समुद्राला जोडलेलं तळं. भरती आणि पाऊस एकदम आले की त्याचं पाणी बाहेर जात नाही, काठावर पसरतं. समुद्र आणखी वर आला तर काय होईल, ते शोधायचं होतं. गल्लीतले हसायचे, “आपा, मुरुमात कुठला समुद्र?” आपा म्हणायच्या, “माडीवर हाय. या बघायला.”

तळं बघायला आम्ही दोघं गेलो. एका काठाला कोळ्यांची वस्ती, दुसऱ्या काठाला हॉटेलं. हॉटेलांच्या सांडपाण्याच्या नळ्या सरळ तळ्यात सोडलेल्या. पाण्यावर तेलकट साय आणि फुगलेले मासे. मी नाकाला रुमाल लावला. आपांनी मात्र कोपरापर्यंत हात घालून गाळ वर काढला आणि किती साचलाय ते पाहिलं. “याची घाण न्हाय वाटत मला,” त्या म्हणाल्या. “ज्यानं सोडलं त्याची वाटते.”

नकाशा तयार झाला. पाणी चढेल तेवढा भाग निळा. वस्ती निळ्या रंगात आली, आणि जिथं नवे बंगले होणार होते ती जागाही. काम देणाऱ्या कंपनीचा माणूस मिठाई घेऊन मुरुमला आला.

“मॅडम, वस्तीवरचा निळा राहू द्या, त्यांना हलवायला सोपं जाईल. बंगल्यांवरचा फक्त थोडा मागं घ्या.”

आपांचा चेहरा कडवट झाला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर, कॉलेजात शिकवत असताना, त्या आमच्या सास्तूरला ढिगारे उपसायला आल्या होत्या. “भूकंपाचं आधी कुणाला सांगता येत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पाण्याचं सांगता येतं. येत असून दाबायचं? छी! मिठाई उचला आधी.”

कंपनीनं नकाशा दुसऱ्याकडून बदलून घेतला आणि खाली नाव आपांचंच ठेवलं. बंगल्यांच्या जनसुनावणीत तो पडद्यावर दिसताच आपा उभ्या राहिल्या. “नाव माझं हाय. नकाशा माझा न्हाय.” मंचावरून त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी आपला नकाशा मांडवाच्या जमिनीवरच पसरला. कोळणी भोवती जमल्या. एकीनं विचारलं, “आमचा घर खंय?” आपांनी बोट ठेवलं. “हे तुमचं. अन् हे बंगले. दोघांकडं येणार पाणी.”

बंगले तरीही झाले, विकलेही गेले. आपांना त्यानंतर कुणी काम दिलं नाही. पुढं एका पावसाळ्यात तळं फुगलं. वस्तीतले लोक आपांचा नकाशा पाहून आधीच टेकडीवर गेले होते. घरं गेली, माणसं वाचली. बंगल्यांत कमरेएवढं पाणी. टीव्हीवर ते बघताना मला बरं वाटल्याचं आपांनी ओळखलं. “खूश नको होऊ,” त्या म्हणाल्या. “घेणारे बुडले. विकणारे कोरडेच हायत.”

आपांच्या अखेरच्या दिवसांत, मिठाई घेऊन आलेल्या त्याच माणसाचा मला फोन आला. आता नवा नकाशा हवा होता, या वेळी खरा, असं तो म्हणाला. सोलापूरच्या दवाखान्यात मी आपांना म्हणालो, “आपा, त्याचं तोंड बघायची इच्छा नाही. नाही म्हणून सांगतो.”

“मलाबी किळस येते रे,” आपा म्हणाल्या. “पण आपण सोडलं तर दुसरा करंल, अन् वस्तीला काय दाखवंल? तू कर. नकाशाचा पहिला कागद वस्तीत दे, मग त्याला.”

त्या गेल्यावर मी काम घेतलं. पहिला कागद वस्तीत पोचलाय. त्या माणसाचे फोन सुरूच आहेत. आवाज गोड, मागणं तेच. मी पूर्ण ऐकून घेतो आणि पाण्याची निळी रेघ आहे तिथंच ठेवतो.