नवऱ्याची बिअर, माझ्या हातची

नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा गॅरेजमध्ये त्याची बिअर आंबत होती. त्याला हॉस्पिटलमधून घरी आणेपर्यंत ती नासून गेली. बादलीचं झाकण उघडल्यावर असा भपकारा आला की मी ती मागच्या अंगणात उपडी केली आणि तिथेच ओल्या गवतात बसून रडले.

तो केमिस्ट, प्रयोगशाळेत कामाला. बिअर घरी करणं हा त्याचा छंद, आणि इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या आमच्या मित्रमंडळींत त्याच्या बाटल्यांना फार मान. मला मात्र वासही सोसायचा नाही. आता त्याचा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता, 'मंगळवार'. पाणी हवं तरी मंगळवार, दुखलं तरी मंगळवार, मला हाक मारायची तरी तेच. आपण चुकीचं बोललो हे त्याला कळायचं. मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

दुसऱ्या गावी कॉलेजात असलेली मुलगी फोनवर विचारायची, "इज ही बेटर, आई?"

"हो गं, हळूहळू," मी म्हणायचे, आणि फोन ठेवून त्याची औषधं काढायला उठायचे.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तो काठी टेकत गॅरेजच्या दाराशी गेला आणि डाव्या हाताने दार थापटायला लागला.

"बिअर करायचीय?" मी विचारलं. त्याने मान डोलावली.

"तुझी आंघोळ, तुझी औषधं, माझं ऑफिस! आता हेही मीच करू?" मी ओरडले. तो थापटतच राहिला.

शेवटी त्याला खुर्ची टाकून दिली. पाकिटावर वाचून माल्टचा पाक मोठ्या पातेल्यात उकळला, कडवटपणासाठी हॉप्सची सुकी फुलं टाकली, अर्धं उतू घालवलं. मग बादलीत ओतून यीस्टची पुडी फाडली.

"गरम!"

मी वळून पाहिलं. "काय म्हणालास?"

"गरम," तो चिडून म्हणाला आणि त्याने दाराबाहेर साचलेल्या बर्फाकडे बोट दाखवलं. खरंच, एवढ्या गरम पाकात यीस्ट मेलं असतं. मी त्याच्या गळ्यात पडायला गेले, तर त्याने मला बर्फाकडेच ढकललं.

ती बिअर गोडमिट्ट झाली. डॉक्टरांनी घोटभर चालेल म्हटलं होतं. त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पुढची बरी जमली. तेव्हा त्याच्या तोंडी 'थांब' आला, नंतर कधीतरी 'झाकण'. पण घरात पाऊल टाकलं की पुन्हा मंगळवार. मला वाटायचं, हा माणूस मला एवढाच परत मिळणार, गॅरेजपुरता.

शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या, तेव्हा मी बाटल्या भरत होते. "अगं, घरात एवढं आजारपण आणि तू दारू गाळतेस?"

"गाळत नाही काकू, आंबवतेय," मी म्हटलं. त्या डबा ठेवून निघून गेल्या.

उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली. पाठोपाठ इन्शुरन्सने, बोलणं परत यावं म्हणून चालू असलेली त्याची स्पीच थेरपी बंद केली. प्रगती दिसत नाही म्हणे. मी फोनवर भांडले. "ही सेज वर्ड्स! गरम, थांब, झाकण."

पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "इन इंग्लिश, मॅडम?"

मी फोन ठेवून दिला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगी आली. जेवताना तिने एक बाटली उघडली. "बाबा, धिस इज ॲक्चुअली गुड!"

त्याने नाही म्हणून मान हलवली. ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलत राहिले. मग डावा हात माझ्याकडे करून तो म्हणाला, "हिने."

मुलगी रडायला लागली. मी वाढणं सोडून त्याच्याशेजारी जाऊन बसले.

ती परत गेल्यावर मी त्याच्या मागे लागले, "परत म्हण ना, एकदाच." तो माझ्याकडे बघत राहिला, ओठ हलवत राहिला, आणि डोळे भरून आले तसं त्याने तोंड फिरवलं. मग मी विचारणं सोडून दिलं.