पुढे चालणारा गुणाजी

कोपरच्या मिठागरात गुणाजीइतका चपळ गडी दुसरा नव्हता. आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हा ठाण्याला पायी जाई आणि वर सांगे की भाडं भरून बसायचं ते लुळ्यापांगळ्यांनी. बायको ठमाबाई कायम मागे, हाकेच्या अंतरावर. तिच्यासाठी थांबावं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही. माज पायांचाही असतो, तो हा.

ठमाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात तिने धवले गायल्याशिवाय हळद लागत नसे. गावोगावची बोलावणी येत, आणि ती बांधाबांधाने चालत जाई.

दिवाळी सरली की मिठागराचा तळ तुडवायचा. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून माणसांची रांग पायांनी चिखल ठोकत जाते. तळ दगडासारखा घट्ट झाला तरच मीठ पांढरं निघतं, म्हणून रांग मोडायची नाही. रांगेच्या तोंडाशी अर्थात गुणाजी. त्या वर्षी ठमाबाईचा तळवा कालवाच्या धारदार शिंपल्याने चिरला. ती बांधाकडे वळली तशी गुणाजी सगळ्यांदेखत म्हणाला, “बसा राणीसाहेब, पालखी मागवतो.”

रांग हसली. ठमाबाई परत आली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच पायाने खारा चिखल तुडवत राहिली. पाय सडला. ठाण्याच्या दवाखान्यात तो घोट्याच्या वर कापावा लागला.

मग गुणाजीला आपल्याच पावलांचा आवाज सोसेना. ती बसल्या बसल्या सरकत चुलीशी जायची आणि हा दोन ढांगांत दारात. घरात चालायचीच त्याला चोरी झाली. ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वैशाखात तिचा भाऊ काळुराम याच्या मुलीचं, शालूचं, लग्न निघालं. काळुरामने दिवा गावाहून निरोप धाडला की शालूच्या हळदीला दुसरी धवलारीण बघतो, तू त्रास घेऊ नको. ठमाबाईने समोरची भाकरी बाजूला सारली. गुणाजी तिच्यापुढे पाठ करून उकिडवा बसला.

पाठीवर ती, आणि हा सवयीने भराभर निघाला.

“अवो, हळू चाला,” ती म्हणाली. “हा बांध मना कदी बगायलाच गावला नाय. तुमच्या मागं धावायची, ती पायाखालीच बगत.”

तो हळू चालला.

मांडवात बायकांनी कौतुक मांडलं. नवरा असावा तर असा, बायकोची पालखीच झाला की! एका म्हातारीने त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली. गुणाजीला ‘पालखी’ हा शब्द चाबकासारखा लागला. मीच हिला, असं काहीसं तो बोलू लागला. ठमाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि धवला उचलला. आवाज तसाच होता, खणखणीत. गुणाजी मांडवामागे जाऊन बसला तो जेवायलाही उठला नाही.

दिवाळी झाली, तुडवणी लागली. रांगेतली गोदा लंगडू लागली, आणि मागून कुणीतरी पालखीची जुनी थट्टा काढली.

गुणाजी थांबला. पहिलाच थांबला म्हणून अख्खी रांग थांबली. मुकादम बांधावरून ओरडत होता.

“जा गो बाय, बस,” गुणाजी गोदाला म्हणाला, आणि तिच्या आधी स्वतःच बांधावर जाऊन बसला.

त्या साली मिठागराच्या त्या कप्प्यातलं मीठ जरा काळपट निघालं.