दाजी प्रदर्शनात बसतात

केज तालुक्यात आमच्या दाजींशिवाय कुणालाही नीट मरता येत नाही. बातमी कळली की किराणा दुकानाचं शटर अर्धं ओढून ते निघालेच. मग धर्मापुरीपर्यंत जीपला लोंबकळत जावं लागलं तरी बेहत्तर. मयत ओळखीचीच हवी असाही आग्रह नसतो. दारात चपला काढायच्या, भिंतीला टेकून बसायचं, घरच्यांना "रडून घ्या, आत धरू नगा" म्हणायचं आणि सगळे रडायला लागले की उठून चहाचं बघायचं. स्वतः मात्र ठणठणीत कोरडे. माझी सख्खी अक्का, म्हणजे त्यांची बायको, गेली तेव्हाही हा गृहस्थ शेजारून आलेल्या चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होता. त्याचा राग माझ्या डोक्यातून जात नव्हता.

मागच्या हिवाळ्यात ते बीडला आले आणि मी, चित्रकलेचा मास्तर, त्यांना हौसेनं आधुनिक कलेच्या प्रदर्शनाला घेऊन गेलो. पहिलंच काळंकुट्ट चित्र बघून ते म्हणाले, "लई रंग सांडला की वो ह्यांचा." आतल्या खोलीत एका तरुण मुलीनं मांडणी केली होती: लोखंडी खाट, पांढरी चादर आणि उशीत डोक्याचा खळगा. बस्स. मी समजावून सांगायला घसा खाकरतो तोच दाजींनी चपला काढल्या, भिंतीला टेकून बसले आणि त्या मुलीला हळूच विचारलं, "कोण गेलं, बाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई," ती म्हणाली.

"रडून घे, पोरी. आत धरू नगंस."

ती खरोखरच रडू लागली. आता हे चहाचं बघायला उठणार म्हणून मी दारात तयार राहिलो. पण ते उठेचनात. उशीकडे टक लावून म्हणाले, "मास्तर, आमच्या हिची उशी म्या दुसऱ्याच दिशी झटकून उन्हात टाकली. असाच खळगा व्हता तिच्यात. ध्यानातच आलं न्हाई."

आणि दाजींनी हंबरडा फोडला. मी हादरलोच. प्रेक्षकांना हा कलेचाच भाग वाटला. त्यांनी मोबाइल काढले आणि मग ओशाळून खिशात घातले. ती मुलगी दाजींचा हात धरून बसली. मीही खाली बसलो. माझी अक्का गेल्याचं मला त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून कळलं.

संध्याकाळी रखवालदार कुलूप घेऊन आला. दाजींनी गमछ्यानं डोळे पुसले.

"जरा दम धर, बाबा," ते म्हणाले, "लोकं यायची हायेत अजून."

तो बिचारा दाराबाहेर स्टूल टाकून बसून राहिला.